पहिला पगार २५,४७०, हप्ता १२,७११

वर्षाला ३ लाख ६० हजारांचं पॅकेज मिळालं म्हणजे महिन्याला ३० हजार हातात पडत नाहीत. मूळ वेतन पॅकेजच्या निम्मं धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६०० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद ८,६५८ रुपये, कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ पुन्हा २१,६०० रुपये आणि व्यवसाय कर २,५०० रुपये, एवढे त्यातून जातात. उरतात ३,०५,६४२; म्हणजे महिन्याला २५,४७० रुपये. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या खासगी कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायला कुठलीही सवलत न घेता, हॉस्टेलला राहून, कर्ज काढलं तर १० वर्षांच्या परतफेडीचा हप्ता येतो १२,७११ रुपये. पहिल्या पगाराचे जवळपास ५० टक्के.

हप्त्याचा हिशेब असा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) समितीने २०२२ मध्ये बी.ई.ची वार्षिक फी किमान सुमारे ७९ हजार आणि कमाल सुमारे १ लाख ८९ हजार असावी, अशी शिफारस केली होती. प्रत्यक्षात महाराष्ट्रात प्रत्येक खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. वऱ्हाडासाठी इथे वर्षाला १ लाख १० हजार धरले आहेत, त्यातली शिकवणी फी १ लाख. चार वर्षांचे झाले ४ लाख ४० हजार. राहणं आणि मेस वर्षाला ६५ हजार, चार वर्षांचे २ लाख ६० हजार. लॅपटॉप ५० हजार. एकूण ७ लाख ५० हजार.

हा आकडा नेमका बँकेच्या एका रेषेवर येऊन थांबतो. इंडियन बँक्स असोसिएशनच्या (आयबीए) आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. त्याखाली केंद्राच्या पत हमी निधीची ७५ टक्के हमी असते आणि बँकेने तारण मागायचं नसतं. ४ लाखांपर्यंत पदरचं काही घालावं लागत नाही, त्यावर ५ टक्के घालावे लागतात. म्हणून साडेसात लाखांच्या खर्चावर कर्ज मिळतं ७,१२,५०० रुपये. १० टक्के व्याज आणि चार समान वार्षिक उचली धरल्या, तर शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक सवलतीचं वर्ष मिळून सरळ व्याज चढतं २ लाख ४९ हजार. पहिला हप्ता भरायच्या दिवशी देणं असतं ९ लाख ६२ हजार. त्याचे १० वर्षांत १५ लाख २५ हजार भरावे लागतात. १५ वर्षं घेतली तर हप्ता १०,३३६ वर येतो आणि एकूण भरणा १८ लाख ६१ हजारांवर जातो.

ही झाली वरच्या टोकाची बाजू. त्याच वर्गात, त्याच बाकावर बसणाऱ्या दुसऱ्या मुलाचं देणं याच्या निम्म्याहून कमी असू शकतं. फरक पडतो तो तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्याने आणि घर ते कॉलेज अंतराने.

कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेच्या कॅप राउंडमधून झाला असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी सरकार भरतं. चार वर्षांत २ लाख वाचतात. खर्च साडेपाच लाखांवर येतो, कर्ज ५,२२,५०० वर आणि हप्ता ९,३२२ वर. तीच जागा संस्थास्तरावर, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर हे २ लाख गेले. ‘कसंही करून कॉम्प्युटरच मिळालं पाहिजे’ या आग्रहाची ही किंमत आहे: महिन्याला ३,३८९ रुपये, १० वर्षं.

मुलगी असेल तर हिशेब आणखी बदलतो. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आदल्या वर्षापर्यंत ही सवलत निम्मी होती. वरचेच आकडे धरून तिचा खर्च साडेतीन लाख राहतो आणि हप्ता ६,२४४ रुपये. इथे एक गोष्ट नजरेत भरते. या साडेतीन लाखांतले २ लाख ६० हजार, म्हणजे ७४ टक्के, राहण्या-जेवण्याचे आहेत. सवलत नसलेल्या मुलाच्या खर्चात हाच वाटा ३५ टक्के होता. सरकारने फी सोडली तरी मुलीच्या डोक्यावर उरलेलं कर्ज खोलीचं आणि मेसचं आहे. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना याच खर्चासाठी आहे. ॲडमिशनच्या धावपळीत महाडीबीटी पोर्टलवर फीचा अर्ज भरला जातो आणि हा भरायचा राहून जातो. तो राहू देऊ नये.

हॉस्टेलच लागत नसेल तर? बडनेऱ्याला राहून बडनेऱ्याच्या कॉलेजात जाणारा, किंवा अकोल्यात राहून बाभूळगावला येणं-जाणं करणारा मुलगा निम्म्या फीसह २ लाख ९० हजारांत शिकतो. हप्ता ५,१७४. फी माफ असलेल्या आणि घरून जाणाऱ्या मुलीचा खर्च चार वर्षांत ९० हजार आहे. तिने कर्ज काढायचं कारणच उरत नाही. पदवी एकच, आणि देणं शून्यापासून ९ लाख ६२ हजारांपर्यंत.

पगाराच्या बाजूला एवढा फरक नाही, निदान सुरुवातीला. टीसीएसच्या ‘निंजा’ श्रेणीचं पॅकेज ३ लाख ३६ हजार आहे, इन्फोसिसच्या सिस्टिम इंजिनिअरचं ३ लाख ६० हजार, विप्रोचं साडेतीन लाख, कॉग्निझंटचं ४ लाखांपासून पुढे. कॅम्पसमध्ये घाऊक भरती करणाऱ्या या कंपन्यांचा खालचा दर ३ लाख ३६ हजार ते ४ लाख या पट्ट्यात आहे. २०१२ च्या आसपास इन्फोसिस नवख्या इंजिनिअरला सव्वातीन लाख देत होती. ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ मध्ये १०० होता, २०२५ मध्ये तो १९५ च्या आसपास पोचला. त्या सव्वातीन लाखांची आजची बरोबरी ६ लाख ३४ हजारांशी होते. उलटीकडून पाहिलं तर आजचे ३ लाख ६० हजार २०१२ च्या रुपयांत १ लाख ८५ हजार भरतात. खऱ्या किमतीत ४३ टक्के घट. गावात ज्या दादाच्या नोकरीकडे पाहून आज मुलाला कॉम्प्युटरला घालतात, त्याचा पहिला पगार आणि याचा पहिला पगार कागदावर जवळजवळ सारखा दिसेल. बाजारात तो निम्म्याहून थोडा वर आहे.

त्याच टीसीएसमध्ये ‘डिजिटल’ श्रेणीला ७ लाख मिळतात, ‘प्राइम’ला ९ लाखांच्या वर. निंजा आणि डिजिटल एकाच कॉलेजातून, एकाच बॅचमधून निघतात. वेगळे होतात ते परीक्षेतल्या आणि मुलाखतीतल्या कोडिंगवर. ७ लाखांचा हातात येणारा पगार ४९,७२२ होतो आणि १२,७११ चा हप्ता त्याच्या २६ टक्क्यांत बसतो. म्हणजे जास्तीत जास्त कर्ज काढलेला मुलगा डिजिटलला लागला तर निभावतो, निंजाला लागला तर अडकतो. हे सहाव्या-सातव्या सेमिस्टरला ठरतं. कर्जाची सही पहिल्या सेमिस्टरला झालेली असते.

ही चार वर्षांची फट आणखी एका ठिकाणी नडते. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात टीसीएसची मनुष्यसंख्या १ लाख ३ हजारांनी वाढली, आणि इन्फोसिसने ८५ हजार नवखे घेतले. त्या वर्षाच्या बातम्या वाचून २०२२ मध्ये ज्यांनी कॉम्प्युटर निवडलं, त्यांची बॅच २०२६ ची. मधल्या काळात, २०२३-२४ मध्ये, टीसीएसची संख्या १३,२४९ ने, इन्फोसिसची २५,९९४ ने आणि विप्रोची सुमारे साडेचोवीस हजारांनी घटली. तिघींची मिळून जवळपास ६४ हजार. २०२४-२५ मध्ये टीसीएस ६,४०० च्या आसपास वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये तिनेच २ टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं. जागा मात्र उलट्या दिशेने गेल्या. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली आणि वाढीव तुकड्यांचा मोठा भाग कॉम्प्युटर आणि त्याच्या नव्या नावांच्या शाखांना गेला. २०२५-२६ ला राज्यातल्या अभियांत्रिकीच्या जागा २ लाखांच्या वर होत्या. त्या वर्षी दाखल झालेले २०२९ मध्ये बाहेर पडतील.

आता दोन्ही बाजू एकत्र. पगार पुण्यात कमवायचा आहे, कारण या कंपन्या अमरावती-अकोल्यात नाहीत. जवळचं नागपूरचं मिहान अमरावतीहून दीडशे किलोमीटर आहे. पुण्यात चौघांत रूम करून राहणं, मेस, बस आणि फोन मिळून महिन्याला १५ हजार धरू. घरी पाठवायला किंवा अडीअडचणीला ५ हजार. हे २० हजार आणि हप्ता भागवायला किती पॅकेज लागतं? सवलत नसलेल्या हॉस्टेलवाल्या मुलाला ४ लाख ६२ हजार. निम्मी फी मिळालेल्याला ४ लाख १४ हजार. फी माफ असलेल्या हॉस्टेलवाल्या मुलीला ३ लाख ७१ हजार. घरून कॉलेज केलेल्या, निम्म्या फीच्या मुलाला ३ लाख ५६ हजार. कर्ज काढणाऱ्या या चौघांत ३ लाख ६० हजारांच्या ऑफर लेटरवर पुरा पडतो तो एकटा शेवटचा. वरच्या तिघांना खालच्या दराच्या पगारात घरी पाठवायचे पैसे थांबवावे लागतात, हप्ता १५ वर्षांवर न्यावा लागतो किंवा दोन्ही करावं लागतं.

१५ वर्षांची मुदत घेणं, निम्म्या फीच्या उदाहरणात, हप्ता ९,३२२ वरून ७,५८० वर आणतं. मुदतीआधी कर्ज फेडायला आयबीएच्या योजनेत दंड नाही. पॅकेज दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढलं तर पाच वर्षांनी ३ लाख ६० हजारांचे ५ लाख २९ हजार होतात आणि ९,३२२ चा हप्ता हातातल्या पगाराच्या ३७ टक्क्यांवरून २५ वर उतरतो. गळा आवळतो तो पहिल्या तीन वर्षांत. म्हणून माझ्या मते मुदत लांब घ्यावी आणि पगार वाढला की मुद्दलात भरावं. छोटी मुदत घेऊन तिसऱ्याच महिन्यात हप्ता चुकवण्यापेक्षा हे बरं. व्याजदर १ टक्क्याने उतरला तर याच उदाहरणात हप्ता ६१८ रुपयांनी कमी होतो. दराची घासाघीस करण्यापेक्षा दाखला काढणं जास्त पैसे वाचवतं.

सर्वांत जास्त पैसे वाचवणारा दाखला साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा आहे. २००९ पासूनच्या केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत अशा घरातल्या विद्यार्थ्याचं शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळातलं सगळं व्याज सरकार भरतं. अट एवढी की कॉलेजला नॅकचं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं मानांकन हवं. निम्म्या फीच्या उदाहरणात हप्ता ९,३२२ वरून ६,९०५ वर येतो, १० वर्षांत २ लाख ९० हजारांचा फरक. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना जास्त गाजली. ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, सात वर्षांसाठी ३,६०० कोटींची तरतूद. पण ती प्रामुख्याने केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीतल्या पहिल्या १०० संस्थांसाठी आणि १०१ ते २०० मधल्या राज्य सरकारी संस्थांसाठी आहे, आणि मॅनेजमेंट कोट्याला लागू नाही. २०२४ च्या अभियांत्रिकीच्या यादीत पहिल्या १०० मध्ये अमरावती-अकोल्यातलं एकही कॉलेज नव्हतं. आयकरातल्या वजावटीचं तसंच. कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत; आणि २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करच नाही. ३ लाख ६० हजारांवर कर शून्य असताना वजावट कशातून करणार?

एक वाट फारशी मोजली जात नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निक तीन वर्षं, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पदवीची तीन वर्षं: एकूण सहा. अकरावी-बारावी आणि पदवीची चार वर्षं मिळूनही सहाच. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. वेळ तेवढाच लागतो आणि पदवीचा खर्च एका वर्षाने घटतो. निम्म्या फीसह कर्ज ५,२२,५०० ऐवजी ४,०३,७५० आणि हप्ता ६,९३६. शिवाय बारावीच्या क्लासेसची फी वाचते. अकोला आज क्लासेसचं शहर आहे, बुलडाणा-वाशीमची मुलं तिथे दोन वर्षं रूम करून राहतात. तो खर्च कोणत्याही बँकेच्या हिशेबात येत नाही, कारण बँक प्रवेशानंतर उभी राहते. तोवर घरातली शिल्लक संपलेली असते.

आणि एक वाट उलटी: इयर डाऊन. निम्म्या फीच्या उदाहरणात शेवटचं वर्ष लांबलं, तर ५२,२५० रुपये व्याज आणि ६५ हजार राहण्याचे, म्हणजे फी धरण्याआधीच १ लाख १७ हजार वाढतात.

कॉलेजच्या गेटवरच्या फलकावर सर्वांत मोठं पॅकेज छापलेलं असतं. त्याच कॉलेजने एनआयआरएफमध्ये भाग घेतला असेल, तर त्याच्या संकेतस्थळावर वेगळा तक्ता टाकणं त्याच्यावर बंधनकारक आहे: किती दाखल झाले, किती वेळेत पास झाले, किती लागले, आणि लागलेल्यांचा मध्यक पगार किती. मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या खाली, निम्मे वर. समजा १२० दाखल, १०० वेळेत पास, ६० जणांना नोकरी आणि मध्यक ३ लाख ६० हजार. तर त्याहून जास्त पगार ३० जणांना. दाखल झालेल्यांत दर चारांत एक. कर्ज मात्र १२० पैकी कुणालाही काढता येतं. पालकांनी ॲडमिशनच्या दिवशी विचारायचे आकडे या तक्त्यातले आहेत.

बँकांच्या आकड्यांत मात्र संकट दिसत नाही. शैक्षणिक कर्जाची एकूण येणे बाकी मार्च २०२४ मध्ये सुमारे १ लाख १९ हजार कोटी होती, मार्च २०२५ मध्ये सुमारे १ लाख ३७ हजार कोटी. वर्षात १५ टक्के वाढ. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जातलं बुडीत प्रमाण २०२०-२१ मध्ये ७ टक्के होतं, २०२४-२५ मध्ये २ टक्के. यावरून वऱ्हाडातल्या पाच लाखांच्या कर्जाबद्दल निष्कर्ष काढू नये. एकूण रकमेत परदेशी शिक्षणाची, तारण दिलेली मोठी कर्जं आहेत. ५० लाखांचं एक नियमित खातं सरासरीत ५ लाखांची दहा खाती झाकतं. दुसरं, हप्ता वेळेवर भरला गेला एवढंच ही टक्केवारी सांगते. तो कुणी भरला हे सांगत नाही.

बऱ्याचदा तो बाप भरतो, कारण सहकर्जदार तोच असतो. ९,३२२ चा हप्ता वर्षाला १,११,८६४ होतो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ आहे, आदल्या वर्षी ४,८९२ होता. हमीभावाने हा हप्ता २१ क्विंटल सोयाबीन मागतो. २०२४ च्या शेवटी बाजार समितीत जो ४,२०० च्या आसपास भाव होता, त्याने साडेसव्वीस क्विंटल. एकरी ६ क्विंटल पिकलं तर साडेतीन ते साडेचार एकरांचं अख्खं पीक, बियाणं-फवारणी-सोंगणीचा खर्च न काढता. राज्यातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे, म्हणजे ३.३ एकर. मुलगा वर्षभर घरी बसला तर सरासरी कास्तकाराचं सगळं वावर त्या वर्षाच्या हप्त्यांनाही पुरत नाही.

आणि घरी बसणं नोकरी न मिळाल्यामुळेच होतं असं नाही. इन्फोसिसने २०२२ च्या बॅचमधून निवडलेल्या सुमारे २ हजार जणांना ऑफर लेटर हातात असूनही रुजू व्हायला २०२४ उजाडलं. बँकेची सवलत शिक्षणानंतर १२ महिन्यांची आहे.

यासाठी नियमांत तरतूद आहे. आयबीएच्या योजनेत बेरोजगारी किंवा कमी पगाराच्या काळासाठी कर्जाच्या मुदतीत दोन-तीन वेळा हप्त्यांना सवड देण्याची, आणि सुरुवातीला कमी, पुढे जास्त अशा चढत्या हप्त्यांची सोय बँकांना ठेवायला सांगितली आहे. शिक्षण चालू असताना व्याज भरत गेलं तर दरात १ टक्का सूट आहे. निम्म्या फीच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते व्याज, सूट न धरता, महिन्याला १,०८९ रुपये पडतं, चौथ्या वर्षी ४,३५४. सवड आपोआप लागू होत नाही, शाखेत लेखी अर्ज करावा लागतो. तो पहिला हप्ता चुकायच्या आधी करावा, कारण ९० दिवस थकलं की खातं बुडीत धरलं जातं, आणि सिबिलवर शेरा दोघांच्या नावावर पडतो: मुलाच्या, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच शाखेत पीककर्ज मागायला जाणाऱ्या बापाच्या.